फळ्याच्या कोपऱ्यातला मोकळा चौकोन

चमन कल्हईवाल्याची भट्टी आमच्या गल्लीच्या तोंडाला होती, तालमीच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता. अलीकडं चमन भाता मारायचा, पलीकडं पोरं जोर मारायची. आम्ही बायका भांडी घेऊन गेलो की लांबूनच विचारायचो, "चमनभाई, हातात भांडं हाय का पुस्तक?" भांडं असलं तर काम लवकर व्हायचं. पुस्तक असलं तर फळकुटावर बसून घ्यायचं. घाई करून उपयोग नसायचा, कारण घारनेत्र कुठल्या तरी तळघरात अडकलेला असायचा, आणि तो सुटल्याशिवाय आपलं पातेलं काही भट्टीवर चढत नव्हतं.

घारनेत्र कोण ते आधी सांगते, आता कुणाला आठवत नसेल. त्या काळात चित्रांच्या गोष्टींची पातळ पातळ पुस्तकं यायची, आठवड्याला एक. त्यातला हा गुप्तहेर. एरवी घड्याळं दुरुस्त करायचा, आणि कुठं चोरी झाली की हिरवा मुखवटा लावून, पाठीवर हिरवी झूल टाकून निघायचा. डोळे असे की भिंतीपलीकडचं दिसावं. उड्या अशा की ह्या माडीवरनं त्या माडीवर. चड्डी मात्र विजारीवरनं घालायचा. तालमीतली पोरं चमनला चिडवायची, "चाचा, आमी लंगोट आतनं लावतो, तुमचा गडी भायरनं लावतोय." चमन म्हणायचा, "तुमाला चोर कुठं धरायचाय? म्हणून आत लावतायसा."

हा गडी चमनला एवढा का आवडला, त्याचं कारण मला ठाऊक आहे. घारनेत्राला दगडातून दिसायचं, विटांतून दिसायचं, लोखंडातूनसुद्धा दिसायचं. दिसायचं नाही ते फक्त कथलातून. कथील म्हणजे चमनच्या हातातली ती पांढरी कांडी, तापल्या भांड्यावर फिरवली की वितळून चांदीसारखी पसरणारी. "आक्का," तो मला म्हणाला होता, "अख्ख्या दुनियेत त्या माणसाला आडवणारी एकच चीज हाय, आन् ती माझ्या हातात हाय." असं म्हणून त्यानं माझ्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, त्या धुरात त्यानं कांडी फिरवली. खरं सांगते, त्या दिवशी पातेलं घरी नेताना मला उगीचच भारी वाटलं.

चमनचा बाप डोक्यावर भाता घेऊन गावोगाव फिरायचा, पार नेसरीपर्यंत. पोरगं बरोबर. बापाचं काम असेल तितके दिवस त्या गावच्या शाळेत जाऊन बसायचं, काम संपलं की उठायचं. अशी कशीबशी चौथी झाली. प्रत्येक गावच्या मास्तरानं त्याला वेगळं वळण लावलेलं, त्यामुळं त्याची अक्षरं एका ओळीत बसली तरी एका घरातली वाटायची नाहीत. पुढं त्यानं आमच्या पेठेत भट्टी घातली आणि कसबा बावड्याच्या मेहमुदाशी लग्न केलं. मेहमुदाला अक्षर येत नव्हतं, पण बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. दोन लेकी झाल्या, दोन्ही मिरजेला दिल्या. मग घरात हे दोघं आणि घारनेत्र.

पुस्तकं यायची मेहमुदाच्या भावाकडनं. बादशहा त्याचं नाव. हातगाडी घेऊन रद्दी गोळा करायचा. ताराबाई पार्कातल्या बंगल्यांतनं साहेबलोकांच्या पोरांनी वाचून टाकलेले अंक त्याच्या गाडीत यायचे. महिना-दोन महिने शिळे असायचे, पण चमनला शिळं चालायचं. "चोर शिळा झाला तरी चोरच की," म्हणायचा.

आता फळ्याचं सांगते, कारण सगळं घडलं ते फळ्यावर.

आमच्या तालमीच्या भिंतीला एक काळा फळा होता. पेठेत कुणी गेलं, तर त्याच्यावर लिहायचे. कुणी कुस्ती मारली, तर त्याच्यावर. नळाला पाणी येणार नसलं, तर त्याच्यावर. सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी फळ्यावर नजर टाकायचा. खडू असायचा वस्तादाकडं, मारुतीच्या कोनाड्यात. आमचे केरबा वस्ताद देहानं धिप्पाड आणि शब्दाला पक्के. फळ्यावर एकही अक्षर खोटं पडता कामा नये, हा त्यांचा नेम. एकदा तालमीतल्या एकानं कुणाचं तरी ऐकून कुस्तीचा निकाल लिहिला आणि तो उलटा निघाला. वस्तादांनी त्याला सगळ्या पेठेसमोर फळा पुसायला लावला, आणि वर चुन्यानं भिंतही रंगवून घेतली.

असल्या फळ्यावर चमनला जागा मिळाली ती एका पातेल्यामुळं. तालमीचं एक थोरलं पितळी पातेलं होतं. गणपतीत त्यात प्रसाद शिजायचा, मोहरमला सरबत व्हायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर एका वर्षी चमननं ते आतनं असं लख्ख करून दिलं की वस्तादांनी त्यात वाकून आपल्या मिशा बघितल्या. चमननं मजुरी घेतली नाही. वस्ताद म्हणाले, "फुकट कसं चालंल? माग काय पायजे ते."

चमन म्हणाला, "फळ्याचा खालचा कोपरा द्या."

"कशाला?"

"घारनेत्राबद्दल लिवतो. दर बेस्तरवारी. चार वळी."

वस्तादांना घारनेत्र म्हणजे कोण पैलवान आहे असं वाटलं. त्यांनी हो म्हटलं.

तेव्हापासनं दर गुरुवारी सकाळी चमन रस्ता ओलांडून जायचा, हात धोतराला पुसायचा आणि कोपऱ्यात उकिडवा बसून लिहायचा. मला अजून काही ओळी पाठ आहेत. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, माझं वाचन सुधारलं ते तिथंच.

"अंक : विहिरीतील खजिना. गोष्ट चांगली आहे. विहिरीचे चित्र काढणाऱ्याने विहीर बघितलेली नाही, मोट उलटी लावली आहे. मागल्या अंकात घारनेत्राच्या पायाला गोळी लागली, या अंकात तो पळतो आहे. लंगडला पाहिजे होता. कथलाची पेटी छान दाखवली. चोर : मेहुणा. चमन कल्हईवाला."

असं तो लिहायचा. आवडलं ते आवडलं म्हणायचा, नाही पटलं ते नाही पटलं. आणि शेवटी चोराचं नाव. लोक वरची ओळ सोडून आधी शेवटचीच वाचायचे. आणि चोर निघायचा मेहुणा. नेहमी नाही, कधी मुनीम, कधी बागेतला माळी, पण फिरून फिरून मेहुणाच. बादशहा गाडी घेऊन चौकात आला की पोरं ओरडायची, "आला बघा चोर!" बादशहा रडकुंडीला यायचा. "दाजी, ह्या पुस्तकवाल्यांस्नी दुसरं नातं ठाऊक न्हाय का?" चमन म्हणायचा, "मी काय करू बाबा, त्येच्या कर्माला त्यो धरला गेला."

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती मला एक दिवस कळली. कल्हईला भांडी देऊन मी बसलेली, चमन आत गेलेला, म्हणून पुस्तक सहज हातात घेतलं. शेवटचं पान उघडलं तर खालच्या कोपऱ्यात चौकोनी भोक. दुसरं घेतलं, त्यालाही भोक. तिसऱ्यालाही.

मेहमुदा मला म्हणाली, "कुपन असतंय तिथं, आक्का. सा कुपनं धाडली की मुखवटा येतोय पोस्टानं. बंगल्यातली पोरं कापून घेत्यात. मग रद्दीत घालत्यात."

"आन् त्या कुपनाच्या मागं?"

"मागच्या अंगाला चोराचं तोंड असतंय म्हणं. घारनेत्र त्येचा बुरखा वढतोय ते चित्र, आन् खाली त्येचं नाव."

 म्हणजे चमननं आजवर एकाही चोराचं तोंड बघितलेलं नव्हतं. सगळी गोष्ट वाचायची, पानापानावरच्या खुणा जमवायच्या, कुणाची चप्पल चिखलानं भरलीय, कोण डाव्या हातानं जेवतंय, आणि भोकापाशी आलं की डोळे मिटून बसायचं. मग ठरवायचं, चोर कोण. आणि ते नेऊन फळ्यावर लिहायचं. त्यात मेहुणा रोज घरी येऊन चहात तीन चमचे साखर मागत असल्यावर माणसाचा संशय जाणार कुठं?

मी कुणाला बोलले नाही. मला त्यात वाईटही काही दिसलं नाही. पेठ खूश होती, चमन खूश होता.

हे सगळं उघड झालं ते माझ्या जावयामुळं.

थोरला जावई बाळासो इचलकरंजीला मागावर होता. मनानं सोन्यासारखा, पण दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याला ओरडून बोलायची सवय. घरात मीठ मागितलं तरी तालमीत ऐकू जायचं. त्या खेपेला लेकीला घेऊन आला तेव्हा त्याच्या पिशवीत घारनेत्राचे अंक. नवेकोरे, एस.टी. स्टँडवर विकत घेतलेले, एकही न चुकवता. मला काय ठाऊक, जावईसुद्धा त्याच रोगाचा आहे!

गुरुवार होता. तो चौकात गेला, फळा बघितला, आणि त्याला इतका आनंद झाला की तिथनंच ओरडला, "मामी! तुमच्या पेठंत घारनेत्राचं लिवत्यात की! वा!" आणि मोठ्यानं वाचायला लागला. "पुतळ्याची चोरी. गोष्ट जोरात आहे. व्हय, जोरातच हाय. बाईचा चेहरा सगळ्या चित्रांत एकच आहे, रडताना सुद्धा. बरोबर बोलला गडी! चोर : मेहुणा." मग थांबला. मग ज्या आवाजात बोलला तो आवाज पार पंचगंगेपर्यंत गेला असेल. "मामी, हे खोटं हाय! चोर डाक्टर हाय!"

चौकातली सगळी माणसं थांबली. तालमीतनं वस्ताद बाहेर आले. अंगाला लाल माती, हातात गदा. रस्त्याच्या ह्या कडेला चमनचा भाता बंद पडला.

"पावणं," वस्ताद म्हणाले, "काय म्हणालासा?"

बाळासोनं पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं आपण मदतच करतोय.

"फळ्यावर खोटं लिवलंय म्हणतासा?"

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. पण बोललेलं आता परत कुठनं घ्यायचं? संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचं ठरलं. दोघांनी आपापली पुस्तकं आणायची.

दुपारी जेवायला वाढताना माझी पंचाईत. जावई आपला, आणि बोलला ते खरं. चमनही आपला, आणि त्याच्याजवळ एवढा एक कोपराच. त्याची भट्टी भाड्याच्या जागेत, घर भाड्याचं, धंदा लोकांच्या भांड्यांवर. आपलं म्हणावं असं त्याच्याकडं त्या फळ्यावरचं वीतभर काळं तेवढं होतं. ते आज जाणार, हे मला ताटात भाकरी वाढतानाच दिसत होतं.

संध्याकाळी पुरुष कट्ट्यावर, आम्ही बायका अलीकडं चमनच्या भट्टीपाशी उभ्या. बाळासोनं आपला अंक वस्तादांच्या हातात दिला. शेवटच्या पानावर डॉक्टर उभा, बुरखा अर्धा ओढलेला, दाढी दिसत होती.

"चमन, तुझं दाखव."

चमननं अंक पुढं केला. वस्तादांनी शेवटचं पान उघडून उजेडाला धरलं, आणि त्या चौकोनातनं त्यांचा एक डोळा पलीकडं चमनकडं बघताना आम्हाला दिसला.

"हे काय?"

"कुपन कापलंय, वस्ताद. सगळ्यांचंच कापलेलं असतंय."

"मग तुला चोर कसा दिसला?"

"दिसला न्हाय. मी वळखला."

 मग मागनं बादशहाचा आवाज आला. "म्हंजे? म्हंजे इतकी वर्सं पुस्तकात मेहुणा नव्हताच?" आणि सगळा चौक हसायला लागला. हसता हसता पोरं कट्ट्यावरनं पडायची बाकी राहिली. चमनही थोडा हसला. त्याला वाटलं, आता निभावलं.

वस्ताद हसले नाहीत. "चमन, आदी का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर वाचलं कोण असतं, वस्ताद? आन् घारनेत्र तरी कुठं बघून धरतोय? पुराव्यावरनंच धरतोय की."

"त्यो धरतोय पुस्तकात," वस्ताद म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "ह्यो फळा हाय. ह्येच्यावर आमी मयतीची बातमी लिवतो. उद्या मी पुराव्यावरनं लिवू का कोण मेलं ते? आकारामचं दार सकाळपासनं बंद दिसलं म्हणून लिवू?"

 आकाराम तिथंच बसलेला, त्यानं घाईघाईनं आपल्या छातीवर हात ठेवून बघितला. चमननं खिशातनं खडूचा तुकडा काढला, वस्तादांच्या हातात ठेवला, पुस्तक उचललं आणि रस्ता ओलांडून आला. आमच्यातनं वाट काढत आत गेला. मेहमुदानं भट्टीवर पाणी मारलं.

घरी आल्यावर बाळासो म्हणाला, "मामी, मी वाईट केलं का?" तेही त्याच्या मानानं हळू बोलला, म्हणजे दोनच घरं पलीकडं ऐकू गेलं.

"न्हाय की. खरं ते बोललासा. जेवा आता."

पण जेवला नाही नीट.

पुढचा गुरुवार आला. कोपरा मोकळा. त्याच्या पुढचाही मोकळा. वस्तादांनी वरच्या बातम्या तिथंपर्यंत खाली आणल्या नाहीत, त्यांनाही ते जमलं नसावं. लोक सवयीनं खाली बघायचे आणि मान वर करायचे. चमन काम करायचा, पण पुस्तक हातात दिसत नव्हतं. भांडं नेलं की लगेच भट्टीवर. आम्हाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसांत त्यानं माझ्या पातेल्याला कल्हई लावली ती बुडाला काळीच राहिली, आणि आमटी कळकली, हिरवट झाली. तीस वर्षांत चमनच्या हातच्या भांड्यात काही कळकलेलं मी बघितलं नव्हतं. मी पातेलं परत घेऊन गेले.

"चमनभाई, हे काय?"

त्यानं पातेल्यात बघितलं. "चुकलं, आक्का."

मेहमुदा आतनं म्हणाली, "चुकंल न्हाय तर काय. रातदिस भोकातनं बघाय लागलाय."

पुढच्या खेपेला बाळासो आला तो एकटाच, आणि घरी न येता सरळ भट्टीवर गेला. मी आवाजावरनंच ओळखलं आणि पदर खोचत तिकडं गेले. त्यानं एक भलीमोठी पिशवी चमनपुढं उपडी केली. सगळे अंक. पहिल्यापासनं.

"चाचा, ही सगळी तुमाला. एक बी कापलेलं न्हाय. आता खरा चोर लिवा, वस्तादांस्नी मी सांगतो."

चमननं हात पुसले. वरचा अंक उचलला, वास घेतला. नव्या कागदाचा वास त्याच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. मग तो वाचायला बसला, आम्ही तिघं समोर उभे आहोत हे विसरून. पान उलटतोय, मान हलवतोय, मध्येच "हात्तिच्या" म्हणतोय. माझ्या जिवात जीव आला. शेवटचं पान आलं. त्यानं पानाचं टोक धरलं आणि उलटलं नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"काय झालं, चाचा?"

"न्हाय, बाळासो. तुमचं उपकार हाईत. पर तितं भोक न्हाय. चोर नुसता हुबा असणार की तोंड उघडं टाकून. मग मी काय करायचं?"

बाळासोला कळेना. मला थोडं थोडं कळलं. कुणी उखाण्याचं उत्तर आधीच सांगून मग उखाणा घालावा, तसं ते.

चमननं पुस्तकाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मेहमुदा, कातर आण."

"कशाला?"

"ह्येचं शेवटचं पान उघड, आन् कुपन हाय तेवढं काप."

"अवं, चांगलं पुस्तक हाय की! पावण्यानं इकत घेतलंय."

"काप म्हणतो न्हवं."

त्यानं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडं तोंड करून डोळे गच्च मिटले, नवस फेडायला बसल्यासारखे. मेहमुदानं कापलं. "जरा वाकडं झालं," म्हणाली.

"होऊ दे. त्यो तुकडा तुझ्याकडं ठेव. मला दावू नगंस."

तिनं तो तुकडा पानाच्या डबीत टाकला. तिला वाचता येत नव्हतं आणि चित्र बघायची हौस नव्हती, तेव्हा त्याहून भरवशाची जागा साऱ्या कोल्हापुरात नव्हती.

मग चमन रस्ता ओलांडून गेला. आम्ही मागोमाग. वस्ताद कट्ट्यावर तेल चोळत बसलेले.

"वस्ताद, कोपरा परत मागायला आलोय."

"खोटं लिवणार?"

"चोराचं नाव लिवणारच न्हाय. बाकी सगळं लिवतो, आन् शेवटी एक चौकोन काढून मोकळा सोडतो. पुस्तकात भोक, तसं फळ्यावर भोक. ज्याला जो वळखायचा त्यो त्यानं मनात वळखावा. आठ दिसानं मेहमुदा तुकडा आणून दील, त्यो तुमी सगळ्यांम्होरं वाचायचा. खरं तेच फळ्यावर चढंल, तुमच्या हातनं."

वस्तादांनी तेलाची वाटी खाली ठेवली. विचार केला. मोकळ्या चौकोनात खोटं शोधत होते बहुतेक, पण सापडलं नाही. उठले, मारुतीच्या कोनाड्यातनं खडू काढला आणि चमनच्या हातावर ठेवला.

चमन कोपऱ्यात उकिडवा बसला. लिहिलं, कौतुक केलं, एका घोड्याचे पाय चुकलेत म्हणून तक्रार केली, आणि खाली मोठा चौकोन काढला. मोकळा.

वस्ताद वाकून बघत होते. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मेहुणा हाय का रं?"

तेव्हापासनं आमच्या पेठेचा गुरुवार निराळाच झाला. नळावर, पिठाच्या गिरणीत, जिथं बघावं तिथं चोर. आमच्या शेजारच्या झुंबरबाईनं पुस्तक जन्मात उघडलं नव्हतं, पण फळ्यावरच्या चार ओळी कुणाकडनं तरी वाचून घेऊन ती ठामपणे सांगायची, "सून. सुनंशिवाय दुसरं कोण घर फोडतंय?" तिचा चोर कायम सूनच. मी भांडी घेऊन गेले की चमन विचारायचा, "आक्का, तुमाला कोण वाटतोय?" आणि मी सांगितलेलं मान हलवत ऐकून घ्यायचा, हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही.

आठवड्यानं मेहमुदा डबी घेऊन रस्त्यापर्यंत यायची. पान-चुन्याचा डाग पडलेला तो तुकडा वस्ताद चष्मा लावून वाचायचे, आणि चौकोनात लिहायचे. मुनीम. माळी. डॉक्टर. एकदा तर न्यायाधीश. चमनचा अंदाज कधी बरोबर यायचा, बऱ्याचदा चुकायचा, पण चुकला की तो जास्त खूश दिसायचा. "भले! फशीवलं की मला!" म्हणायचा. पुढं बाळासोनं वाचून झालेले तुकडे गोळा करून पाकिटात घातले, पत्ता लिहिला आणि एक दिवस पोस्टानं हिरवा पुठ्ठ्याचा मुखवटा आला. चमन तो लावून भाता मारायला बसायचा. नवसागराचा धूर नाकात जात नाही म्हणायचा. परगावची माणसं भांडी टेकवायला यायची आणि दचकून मागं सरायची.

आणि एवढ्या सगळ्या वर्षांत, चौकोनात मेहुणा काही एकदाही आला नाही. बादशहा छाती काढून चौकातनं गाडी न्यायचा. "बघा! लिवून ठेवा फळ्यावर! मेहुणा कधी चोर नसतोय!" आणि चमनच्या घरी जाऊन चहात चार चमचे साखर घालून घ्यायचा, आता हक्कानं.

मग घराघरात स्टीलची भांडी आली. माझ्याही घरात आली, सुनेनं आणली, छान दिसतात. कल्हई कुणाला लागेना. चमनची भट्टी दिवसाआड पेटायची, मग बाजाराच्या दिवशी, मग सणाला. टीव्ही आला तसं पुस्तकांचंही झालं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल, बाळासो घारनेत्राचा अंक घेऊन आला, तेव्हा त्याचा आवाज बसलेला वाटला. "चाचा, ह्यो शेवटचा. बंद केलं त्यांनी. आन् ह्येच्यात कुपन न्हाय. मुखवटे संपलं म्हणं."

चमननं अंक घेतला. सवयीनं मेहमुदाकडं दिला.

"कुपन न्हाय म्हणत्यात की," ती म्हणाली. "काय कापू?"

"कुपन असतंय तेवढ्याच जाग्यावरचं काप."

तिनं अंदाजानं कापलं. आता तिचा हात बसलेला होता, वाकडं गेलं नाही. तुकडा डबीत टाकला. चमननं अंक वाचला, हळूहळू, दोन दिवस पुरवून. गुरुवारी फळ्यावर लिहिलं. "अंक शेवटचा. गोष्ट चांगली आहे. चित्रकाराने या वेळी सगळ्यांचे पाय बरोबर काढले आहेत. घारनेत्र म्हातारा दाखवला नाही, हे बरे केले. कथलाच्या डब्यात काय आहे ते शेवटपर्यंत सांगितले नाही." आणि खाली चौकोन.

पुढच्या गुरुवारी वस्ताद चष्मा लावून बसले. सगळी पेठ जमली. मेहमुदा आलीच नाही. वस्ताद स्वतः रस्ता ओलांडून भट्टीवर गेले. त्यांचेही गुडघे आता बोलत होते.

"चमन, तुकडा?"

चमन भाता मारत होता, तोंडावर मुखवटा. "ऱ्हाऊ द्या की, वस्ताद."

"ऱ्हाऊ द्या म्हंजे? चौकोन मोकळा हाय तकडं."

"मोकळा हाय, खोटा न्हाय."

वस्तादांनी चष्मा काढून खिशात घातला. ते आले तसे परत गेले. तो चौकोन त्यांनी कुणाला पुसू दिला नाही. वरच्या बातम्या बदलायच्या, जन्म, मयत, कुस्ती, पाणी, खाली कोपऱ्यात तो चौकोन तसाच. पावसानं फिका झाला की वस्ताद स्वतः खडूनं पुन्हा गिरवायचे. चमननं एकदा त्यांना ते करताना बघितलं, तर तो उलट्या दिशेला बघून भांडी मोजायला लागला.

तुकडा मेहमुदाच्या डबीत आहे. तिनं मला एकदा पान देताना डबी उघडली, तेव्हा दिसला. घडी घातलेला. मी विचारलं नाही, तिनं दाखवला नाही.

वस्ताद मात्र माणूसच. सकाळी दूध घेऊन जाताना भट्टीपाशी थांबायचे, भट्टी पेटलेली असो नसो. आत डोकावायचे आणि विचारायचे, "चमन, खरं सांग. ह्या खेपंला मेहुणाच हाय न्हवं?"

आणि चमन, हातात काम असलं नसलं तरी, भाता ओढायचा.

"असंल की, वस्ताद. ह्या खेपंला असंल."

आतनं बादशहा ओरडायचा, "दाजी!"

तो चहाला आलेला असायचा.